सव्वा महिना अळणी

सदूने पहिल्या भेटीत माझा हात हातात घेतला, तो मला साधारण तिसऱ्या दिवशी परत मिळाला.

१९९४ सालच्या श्रावणातली गोष्ट. नवी मुंबईतल्या पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांवर संशोधन करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथे रेकॉर्ड सांभाळायला मी रुजू झालो. सकाळी नऊ वाजता ॲनिमल हाऊसचं, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या खोलीचं, दार उघडलं. आतून आधी आवाज आला, मग मासळीचा वास आला आणि शेवटी तिथली देखभाल करणारा सदू आला. नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याला माझं नाव माहीत होतं, नऊ दहाला माझ्या सासऱ्यांचं. सव्वानऊला त्याने मला दोन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भेट दिल्या. त्यातली एक जिवंत होती आणि तिला मी अजिबात आवडलो नव्हतो. दहा वाजता त्याने आपल्या सारसोळे गावापासून दुबईपर्यंतच्या लाँच सेवेचा नकाशा खडूने भिंतीवर काढला. वाटेत घारापुरीला चहाचा थांबा होता. साडेदहाला मी त्या लाँच कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर झालो. आधीचा मॅनेजिंग डायरेक्टर म्हणजे आमचा वॉचमन. त्याला तडकाफडकी काढण्यात आलं, आणि तो पुढे दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

या सगळ्यात सदू श्वास घ्यायला थांबला असेल तर मला तरी दिसला नाही.

मग त्याने मला उंदीर दाखवले. दोनशेच्या वर पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे, ओळीने पिंजऱ्यांत. कागदोपत्री त्यांना नंबर होते, पण सदूने प्रत्येकाला नाव ठेवलं होतं आणि सगळी नावं त्याच्या सासरची होती. "ही चांगुना. माजी बायको. म्हंजे तिचं नाव." चांगुणा शांतपणे दाणा कुरतडत होती. "आनि यो भैरू. माजा मेव्हना. बोट घालू नका भाऊ, चावतो." मी बोट घातलं. भैरू चावला.

मी बोटाला पट्टी बांधत बाहेर आलो, हसत होतो. पॅसेजमध्ये डॉ. क्षिप्रा परचुरे उभ्या होत्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख, चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. "काय भन्नाट माणूस आहे हो हा," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "आज चौथा दिवस आहे," म्हणाल्या. "झोपलेला नाहीये तो."

हा आनंद आहे, आजार नव्हे, अशी माझी पक्की खात्री होती. माणसं ओळखण्यात आपला हातखंडा आहे हा माझा समज तेव्हाचा.

त्या आठवड्यात नारळी पौर्णिमा होती. सारसोळ्याच्या जेट्टीवर सगळा कोळीवाडा नटून जमलेला. दर्याला नारळ वाहून झाल्यावर सदूने आपली होडीही वाहून टाकली, म्हणजे दान केली. तीही कुणाला, तर नेरूळच्या सेक्टरमधून सण बघायला आलेल्या एका बँकेतल्या गृहस्थाला, ज्याला पोहता येत नव्हतं आणि जो दुसऱ्या मजल्यावर राहत होता. तो बिचारा तासभर "नको, नको" म्हणत जेट्टीवर होडीची दोरी धरून उभा होता. होडी चुलत्यांनी परत आणली. पण चांगुणाबाई, खरी चांगुणाबाई, त्याच दिवशी भावाबरोबर माहेरी गेली. माहेर तळोज्याच्या पलीकडचं. गेल्या तीन वर्षांत ही तिची दुसरी खेप होती, आणि दोन्ही वेळा पावसाळ्यातच.

घरातले सदूच्या या झपाटलेपणाला भरती म्हणायचे. भरतीनंतर काय येतं हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. गणपती जाईपर्यंत सदूला ओहोटी लागली. तो कामावर यायचा, पिंजरे साफ करायचा आणि उरलेला वेळ स्टुलावर बसून भिंतीवरच्या दुबईकडे बघायचा. मी विनोद केले. मी एरवी बरे विनोद करतो. ते त्याच्या अंगावरून पाणी जावं तसे गेले.

शेवटी डॉ. क्षिप्रांनीच त्याला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. दिवाळीच्या आसपास ही भरती-ओहोटी थोपवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी सूचनांचा इंग्रजी कागद दिला होता. तो सदूने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला आणि कँटीनमध्ये माझ्यासमोर ठेवला. "वाचा, भाऊ."

"एक," मी वाचलं, "गोळी चुकवायची नाही."

"नाय चुकवनार."

"दोन. सांगितल्या वेळी रक्त तपासायचं."

"रगत हाय पुष्कळ."

"तीन. पाणी भरपूर प्यायचं. चार. जेवणात मीठ नेहमीसारखं ठेवायचं, कमी करायचं नाही." इथे मी थांबलो. समोर कोळी आणि हातात असला मजकूर, मला राहवलं नाही. "सदू, सारसोळ्याच्या माणसाला मीठ खा म्हणून लिहून द्यावं लागतं होय? तुमच्याकडे बाळगुटीतसुद्धा सुकट उगाळत असतील."

सदू हसला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मग त्याने सुकटीची बाळगुटी या विषयावर स्वतःचे दोन विनोद केले, ते माझ्याहून चांगले होते. शेजारच्या टेबलावरचे लोकही सामील झाले. त्या गडबडीत चहा आला, कागद घडी होऊन पिशवीत गेला. पाचवी ओळ वाचायची राहिली.

गोळ्यांनी काम केलं. होळीपर्यंत सदू जमिनीवर होता. आधी होता त्याहून थोडा हळू, थोडा कमी रंगीत, पण रात्री झोपणारा आणि सकाळी उठणारा. होळीला तो बायकोच्या माहेरच्या दारात जाऊन उभा राहिला. चांगुणाबाई आतून बाहेर आली नाही. भैरू आला.

"त्यो बोलला, या पावसाल्यात भरती आली नाय तर नारली पुनवेला तिला मी सोता आनून सोडतो," सदूने मला सांगितलं. "आनि आली तर बोलला, तोंड दावू नको."

"मग येणार नाही भरती."

"गोली हाय ना," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा गोळीवर भरवसा ठेवल्यासारखा नव्हता. उंदरांमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस औषधाकडे जसा बघतो तसा तो बघत होता.

जूनमध्ये नवा प्रयोग सुरू झाला. एक नवं औषध होतं. ते याच आजारावर लिथियमइतकं चालतं का, हे उंदरांवर तपासायचं होतं. म्हणजे एका गटाला नवं औषध, दुसऱ्याला लिथियम. लिथियमचा डबा उघडला तेव्हा सदूने लेबल मला वाचायला लावलं.

"म्हंजे माजीच गोली."

"तुझीच."

"बरं झालं. आता सासरचे सगले माज्याबरोबर घेतील."

उंदराला हा आजार मुळात होतच नाही, ही पहिली पंचाईत. म्हणून तो करावा लागतो. भरतीसाठी उंदराला उत्तेजक इंजेक्शन द्यायचं आणि एका चौकोनी पेटीत सोडायचं. तो वेड्यासारखा धावतो. पेटीच्या भिंतींमधून प्रकाशाचे किरण जातात, तो किती वेळा ते तोडतो हे यंत्र मोजतं. आधी लिथियम खाल्लेले उंदीर कमी धावतात. ओहोटीसाठी काचेच्या उंच भांड्यात पाणी भरायचं, उंदीर आत सोडायचा आणि घड्याळ लावायचं. तो पोहतो, काचेवर चढायला बघतो, आणि मग एका क्षणी हातपाय हलवायचे थांबून नुसता तरंगत राहतो. तो क्षण लिहून घ्यायचा. मग बाहेर काढून पुसायचा.

पेटीचं सदूला काही वाटलं नाही. भांड्याच्या वेळी मात्र तो पाठ करून उभा राहायचा. एकदा त्याने डॉ. क्षिप्रांना विचारलं, "मॅडम, याला पव्हता येतं. मंग यानं हात का सोडले?"

"ते आपल्याला माहीत नाही, सदू. कदाचित हरला असेल. कदाचित दमायचं नाही असं ठरवलं असेल."

"आनि याची भरती तुमी टोचता, आनि ओहोटीला पान्यात टाकता. एकाच उंदराला दोनी आपल्या आपन येत नाय ना?"

"नाही येत. असा उंदीर अजून कुणाला मिळालेला नाही."

सदूने भुशाची पाटी उचलली. "मंग खरा उंदीर मीच," म्हणाला आणि भुसा बदलायला गेला. डॉ. क्षिप्रांनी ते ऐकलं. मीही ऐकलं. मला तो त्या वर्षातला सर्वांत चांगला विनोद वाटला आणि मी तो चार ठिकाणी सांगितला.

तिसरा प्रयोग पलीकडच्या खोलीत चालायचा आणि तो एकटाच सदूला पसंत होता. उदास झालेल्या उंदरापुढे दोन बाटल्या ठेवायच्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. धडधाकट उंदीर साखरेकडे धावतो. उदास उंदराला गोडाचं काही वाटत नाही. "हे खरं हाय," सदू म्हणायचा. "ओहोटीत मना चा पन गोड लागत नाय."

लिथियमच्या गटालाही दोन बाटल्या असत, पण कारण वेगळं होतं. लिथियम खाणारा उंदीर पाणी फार पितो आणि तितकंच बाहेर टाकतो. त्यात त्याच्या अंगातलं मीठ जातं. मीठ कमी पडलं की शरीर लिथियमच धरून ठेवायला लागतं, आणि औषधाचं विष होतं. म्हणून साध्या पाण्याबरोबर मिठाच्या पाण्याची बाटली, लाल पट्टी लावलेली, चोवीस तास लटकलेली असायची. हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये मी स्वतः टाइप केलं होतं. दोनदा, कारण पहिल्या वेळी रिबन फाटली.

मिठाचं आणि साखरेचं पाणी सदू करायचा. स्टोअरमधून बारीक मिठाच्या आणि दळलेल्या साखरेच्या मोजलेल्या पुड्या यायच्या, सारख्याच पांढऱ्या कागदात. सदू पुडी कॅनमध्ये ओतायचा, ढवळायचा, करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावायचा आणि मान हलवायचा. मी माझ्या रजिस्टरमध्ये "चव" या रकान्यात टिकमार्क करायचो. हा रकाना कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नव्हता, सदूच्या मानासाठी मी तो आखला होता. त्याची जीभ इतकी पक्की होती की एकदा पुडी दोन ग्रॅमने कमी भरलेली त्याने ओळखली, आणि स्टोअरवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

नारळी पौर्णिमेला सव्वा महिना राहिला तेव्हा सदू एका मंगळवारी सकाळी कपाळाला गुलाल लावून आला.

"गावदेवीला बोललो," म्हणाला. "सव्वा महिना मीठ सोडलंय. चांगुना घरात आली की तिच्या हातचं कालवन खाईन, तवर अलनी."

एखादी आवडती गोष्ट देवीसाठी सोडायची, आणि तीही सर्वांत अवघड. दारू त्याने गोळ्यांसाठी आधीच सोडली होती. कोळ्याच्या घरात उरतं काय तर मीठ. त्याची आई बयाबाई त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर वेगळी भाकरी करायची. डब्यात नुसता भात, उकडलेला भोपळा आणि ताक, तेही अळणी. सुकट, बोंबील, लोणचं, पापड, सगळं बंद.

"गोळी आहे ना?" मी म्हटलं.

"गोली एका बाजूनं धरील. देवी दुसऱ्या बाजूनं. होडीला दोनीकडून दोर बांधला की हालत नाय."

"वा. संत सदूमहाराज अळणीकर."

त्याला ते आवडलं. पुढे सगळी प्रयोगशाळा त्याला अळणीकर म्हणू लागली. त्या दिवशी त्याने पुडी ओतली, ढवळली आणि करंगळी पुसून घेतली. "कुठल्याच पुडीची चव नाय घेता येनार, भाऊ. जिभेला मीठ लागलं की नवस मोडला."

"तुझी पुडी म्हणजे पुडी," मी म्हणालो आणि "चव" च्या रकान्यात टिकमार्क केला.

पहिला आठवडा तो खुशीत होता. तहान मात्र वाढली होती. तांब्या सतत हातात. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. "सदू, कपात भरती आली बघ," मी म्हणालो. तो हसला, पण कप खाली ठेवून दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला. पोट बिघडलं होतं. अळणी खाण्याने पोट साफ होतं असं बयाबाईने सांगितलं होतं, आणि कँटीनमधल्या तिघांनी त्याला दुजोरा दिला होता. मी त्या तिघांपैकी एक.

पुढच्या आठवड्यात स्टोअरचं छत गळलं. पुड्यांचे दोन्ही ढीग आम्ही घाईत कोरड्या फळीवर हलवले. पुड्यांवर बॉलपेनने लिहिलेलं "मीठ" आणि "साखर" ओल लागून निळा डाग झालं होतं. कुणी काळजी केली नाही. पुड्या काय, सदू ओळखतो.

दोन दिवसांनी सदू म्हणाला, "लाल पट्टीचं पानी लवकर संपतंय, भाऊ. आवडतंय त्यांना."

"तुझा हात लागला म्हणून."

मी लिहिलं: मिठाच्या पाण्याचे सेवन वाढले. पलीकडच्या खोलीत उदास उंदीर गोड पाण्याला फारसं तोंड लावत नव्हते, आणि प्रयोग इतका सुरेख जुळून आल्याबद्दल डॉ. क्षिप्रांनी आम्हा सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घातले. सदूने वडा घेतला नाही. त्यात मीठ होतं.

छत गळल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी ॲनिमल हाऊसमध्ये गेलो तेव्हा तिथे नेहमीची खुडबुड नव्हती. एरवी शेकडो नखं जाळीवर चालतात, तो आवाज पावसासारखा अंगवळणी पडलेला असतो. लिथियमच्या ओळीतून तो येत नव्हता. भैरू कोपऱ्यात बसला होता, केस पिंजारलेले, पाठ कमानीसारखी. मी जाळीवर बोट ठेवलं. तो चावायला आला नाही.

सदू चांगुणाच्या पिंजऱ्यासमोर उभा होता. ती थरथरत होती. सदूही थरथरत होता. माझ्या डोळ्यांसमोर दोघं एकाच लयीत हलत होती, आणि तरीही मला फक्त एवढंच सुचलं की काल पाऊस फार झाला, गारठा असेल.

"देवी कोपली," सदू म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. शब्द एकमेकांत मिसळत होते. "मी बिस्कूट खाल्लं, भाऊ. चाबरोबर. त्यात मीठ असतं, मना म्हाईत नव्हतं. म्हनून ही आजारी परली."

"अरे, बिस्किटाने देवी कोपत नाही."

"आता बिस्कूट नाय. ताक बी नाय. नुसता भात."

आणि तसंच केलं त्याने. पुढचे तीन दिवस नुसता भात आणि पाणी. चालताना तो पाय फाकवून चालायचा, होडीतून उतरलेला माणूस पहिली काही पावलं टाकतो तसा, फक्त त्याची होडी संपत नव्हती. त्याच्याकडून एक पिंजरा पडला. पर्सोनेल ऑफिसरने त्याला बोलावून तोंडाचा वास घेतला. मग खात्री करायला मलाही वास घ्यायला लावला. आम्ही दोघं आळीपाळीने सदूच्या तोंडाजवळ नाकं नेत होतो आणि सदू निमूटपणे आ करून उभा होता. वास नव्हता. पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, हल्ली वास न येणारी दारू मिळते.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, भैरू मेला.

डॉ. क्षिप्रांनी त्याला टेबलावर ठेवला, बाकीच्या चारपाच उंदरांचं रक्त काढलं. अकराच्या सुमारास यंत्रातून आकडा आला. तो त्यांनी दोनदा बघितला. "लिथियम इतकं कसं चढेल? खाद्य तेच आहे. मिठाचं पाणी तर आधीपेक्षा जास्त पितायत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चव घेतली जातेय ना?"

रजिस्टर माझ्या हातात होतं. "चव" च्या रकान्यात एकही दिवस रिकामा नव्हता.

मी चांगुणाच्या पिंजऱ्याची लाल पट्टीची बाटली काढली, नळीचा थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

गोड होतं.

"साखर आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या खोलीतल्या बाटलीत मीठ होतं. आठवडाभर उदास उंदीर गोडाला नाही, खाऱ्या पाण्याला नाक मुरडत होते. पण ते मागाहून लक्षात आलं. त्या क्षणी डॉ. क्षिप्रा दाराकडे वळल्या. सदू चौकट धरून उभा होता. एका हाताने धरलेली चौकट त्याला पुरत नव्हती, म्हणून खांदाही टेकला होता.

"सदू, तुम्ही चव घेत नाही?"

"नवस हाय, मॅडम. मीठ सोरलंय."

"म्हणजे चाखत नाही, एवढंच ना?"

"खात बी नाय."

त्यांचा आवाज अगदी खाली आला. "कधीपासून?"

"चोवीस दिस." त्याने बोटं दाखवायला हात उचलला. बोटं मोजता येण्याइतकी स्थिर नव्हती.

"आणि गोळ्या?"

सदूचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला येत होता. "एक पन चुकवली नाय, मॅडम. भाऊंना इचारा. एक पन नाय."

डॉ. क्षिप्रांनी टेबलावरच्या उंदराकडे बघितलं, मग सदूकडे, मग माझ्याकडे. त्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. पुढे पाच वर्षं आम्ही एकत्र काम केलं, तेव्हाही नाही. "गाडी काढायला सांगा," एवढंच म्हणाल्या.

कंपनीची मॅटाडोर व्हॅन होती. सदूला मागे आडवा घातला आणि मी त्याच्याजवळ बसलो. तुर्भ्याच्या पुढे त्याला उलटी झाली. तो मला कुणीतरी दुसरा समजत होता. मला म्हणाला, "भैरूदादा, भरती नाय आली बघा. पुनव चौदा दिसांवर हाय. नाय आली." मी "हो" म्हणालो. त्याच्या मेव्हण्याच्या वतीने मी पहिल्यांदाच बोललो. मग तो आणखी काही सांगत राहिला, पण त्यातलं मला कळण्यासारखं काही नव्हतं.

दवाखान्यात त्याचं रक्त यंत्रातून फिरवून स्वच्छ करायला लागले. तीन दिवस तेच चाललं होतं. बयाबाई बाकावर बसून होती. तिने घरून येताना देवामागे ठेवलेली, सूचनांच्या कागदाची ती प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. तिला वाटलं, डॉक्टर मागतील. डॉक्टरांनी मागितली नाही. तिने ती माझ्याकडे दिली. "यात काय हाय बाबा? तो रोज हिला हात जोरायचा."

मी कागद उघडला. चार ओळी मला पाठ होत्या. पाचवी मी तिथे, बाकावर, पहिल्यांदा वाचली. उलटी, जुलाब, हाताला कंप, बोलणं जड होणं किंवा तोल जाणं, यांपैकी काहीही झाल्यास गोळी बंद करून ताबडतोब यावे.

"काय लिवलंय?" बयाबाईने विचारलं.

"गोळ्या कधी घ्यायच्या ते," मी म्हणालो.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्यानं सगलं बराबर केलं पन."

लाल पट्टीच्या बाटल्यांत त्याच दिवशी खरं मीठ भरलं गेलं होतं. दोन दिवसांत बहुतेक उंदीर जाळीवर चढायला लागले. सगळ्यांत आधी चांगुणा चढली. प्रयोगाच्या अहवालात मी लिहिलं की पाण्यातील चुकीमुळे लिथियम गटाचे निष्कर्ष वगळण्यात आले. अहवाल सव्वीस पानांचा झाला. माझं काम चोख असल्याचं वरून कळवण्यात आलं. नव्या औषधाचं पुढे काही झालं नाही. त्याने उंदरांना नुसती झोप येत होती.

सदूचं मूत्रपिंड सावरलं. मेंदूचा जो भाग तोल आणि हात सांभाळतो तो सावरला नाही. डॉक्टरांनी आणखी सहा महिने वाट बघू म्हणून सांगितलं, आणि सहा महिन्यांनी आणखी सहा. तो बोलायचा तर समोरच्याला दोनदा विचारावं लागे. त्याला पुन्हा भरती आली नाही. गोळी बदलली होती, तिच्यामुळे असेल.

चांगुणाबाई त्याच वर्षी नारळी पौर्णिमेच्या सहा दिवस आधी, एका शुक्रवारी सकाळी, तळोज्याहून बसने आली. भैरूने तिला स्वतः आणून सोडलं. सदूला पेला धरता येत नव्हता आणि एकट्या बयाबाईच्याने त्याला उठवणं होत नव्हतं, म्हणून ती आली.